राजे उठले का?

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही केस कापायला गेला आहात. एका उंच खुर्चीत बसला आहात आणि तुमचे पाय जमिनीला टेकत नाहीत. गळ्याभोवती पांढरा कपडा बांधलेला आहे. नाक खाजतं आहे, पण हात कपड्याच्या आत अडकले आहेत. समोर मोठा आरसा, आणि कानाशी कात्री चालली आहे, कच् कच् कच्. दिसलं सगळं? आता मान अजिबात हलवू नका आणि ऐका. कारण ज्या खुर्चीत तुम्ही बसला आहात, तीच तुमच्याशी बोलते आहे.

मी एक जुनी खुर्ची आहे. सलूनमधली. माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं बूड ओतीव लोखंडाचं, चांगलं जड. कितीही लठ्ठ माणूस बसला तरी मी डगमगणार नाही, असं. पायाशी एक खटका बसवला, तो दाबला की मी वर उचलली जायचे. पाठ मागे कलायची, डोक्याशी एक छोटी उशी होती. शेवटी एका कारागिराने माझ्या अंगावर लाल रेक्झीन चढवलं. काम करताना तो खिळे दातांत धरायचा, त्यामुळे दिवसभर त्याला बोलताच यायचं नाही. मला वाटलं, जगातली सगळी माणसं अशीच गप्प असतात.

मग मी मामांच्या दुकानात आले आणि माझा हा गैरसमज पहिल्याच सकाळी दूर झाला.

मामा म्हणजे माझे मालक. सगळं गाव त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. दुकान लहान, दोन खुर्च्यांचं. एका बाजूला गिऱ्हाइकांसाठी लांब बाक. मागच्या भिंतीला लागून लाकडी जिना आणि जिन्याच्या वर मामांचं घर. घरात जायला दुसरी वाट नव्हती. भाजी आली, पाहुणे आले, गॅसची टाकी आली, सगळं दुकानातूनच वर जायचं. मी आले त्या दिवशी मामांनी कुणाला माझ्यात बसू दिलं नाही. आधी स्वतः बसले, मान मागे टेकली आणि मामींना हाक मारून म्हणाले, "बघ गं, मंत्री दिसतो का?" मामी जिन्यातूनच म्हणाल्या, "मंत्र्यांना वेळेवर जेवायला लागतं. या वर."

असं ते घर होतं.

मामांचा हात चालू झाला की तोंडही चालू व्हायचं. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि दर वेळी वर थोडं तिखटमीठ. पण लोकांना ते आवडायचं. केस वाढले नसले तरी माणसं येऊन बाकावर बसायची. समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ तर रोज सकाळी फुकट पेपर वाचायला यायचे. त्यांना सगळे घड्याळजी म्हणायचे. घड्याळजी आणि मामा म्हणजे ढोलकी आणि टाळ. एकाने सुरुवात केली की दुसरा साथ देणारच.

मामांचं एक सूत्र होतं. जे हसण्यावारी नेता येतं, त्याचं ओझं होत नाही. त्यांचे वडील गेले तेव्हा आठवडाभरातच ते वडिलांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होते. बाक हसत होता, आणि मामा कपडा झटकायच्या निमित्ताने पाठ फिरवून डोळे पुसत होते. म्हणजे माणूस दगडाचा नव्हता, मित्रांनो. हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे घडलं ते ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल, म्हणून आधीच सांगते.

त्यांना एकच मुलगा. लहानपणी काडीसारखा होता म्हणून त्याचं नाव पडलं बारक्या. पुढे तो वडिलांपेक्षा वीतभर उंच झाला, पण नाव तेच राहिलं. त्याचे पहिले केस माझ्यातच कापले. माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून त्याला वर बसवलं होतं. सगळी मुलं अशा वेळी भोकाड पसरतात. बारक्या रडला नाही. तो आरशातल्या बारक्याकडे एकटक बघत राहिला, जणू त्याला त्या दुसऱ्या मुलाची काळजी वाटत होती.

मोठा झाल्यावर तो दुसऱ्या खुर्चीवर काम करू लागला. हात वडिलांचा, तोंड मात्र त्या खिळेवाल्या कारागिराचं. कामापुरतं बोलायचा. मजेची गोष्ट अशी की त्याचंही गिऱ्हाईक तयार झालं. ज्यांना डोकं दुखतंय, ज्यांचं घरी काही बिनसलंय, ज्यांना नुसतं डोळे मिटून बसायचंय, ती माणसं माझ्याकडे न येता पलीकडे जाऊन बसायची. मामा म्हणायचे, "जा जा, तिकडे मौनव्रताचं दुकान आहे." पण आवाजात कौतुक असायचं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं. दोन कात्र्या बरोबर चालायच्या आणि रेक्झीनला रोज ओलं फडकं लागायचं.

मग बारक्या हळूहळू बदलला.

आधी तो मधेच थांबू लागला. कात्री हवेत आणि नजर कुठे तरी दुसरीकडे. गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. मग तो उशिरा खाली येऊ लागला. जेवण कमी झालं, दाढी वाढली. एकदा दुकानात कुणी नसताना त्याने मामांना सांगायचा प्रयत्न केला. आत सगळं जड झालंय, सकाळी उठायचं म्हटलं की भीती वाटते, कशाची ते कळत नाही, असं काहीसं तो म्हणाला. मामांनी आरसा पुसता पुसता ऐकलं आणि म्हणाले, "मलाही रोज सकाळी जडच वाटतं. चहा घेतला की उतरतं."

बारक्या थोडा हसला. तो त्या काळातला त्याचा वडिलांशी आपणहून बोलायचा शेवटचा प्रयत्न होता, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही, मामांनाही आणि मलाही.

पुढे तो खालीच येईना. मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर त्यांनी मामांना सगळं समजावून सांगितलं. हा मनाचा आजार आहे, आळस नव्हे. तापात अंग जसं उठत नाही, तसं यात मन उठत नाही. गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या, वेळ लागेल, त्याला टोचून बोलायचं नाही. मामांनी मान डोलावली. रोज सकाळी ते बारक्याची कात्री पुसून, तेल लावून जागेवर ठेवायचे. पण बाकावरून कुणी विचारलं, "मामा, दुसरी खुर्ची रिकामी कशी?" तर काय सांगायचं, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती.

ते म्हणाले, "राजे अजून उठले नाहीत."

बाक हसला. दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी पेपर उघडायच्या आधीच विचारलं, "काय मामा, राजे उठले का?" मामा म्हणाले, "उठले, पण सूर्याने आधी मुजरा करावा म्हणून वाट बघतायत." पुन्हा हशा. झालं. दुकानात येणारा प्रत्येक जण नमस्काराऐवजी हेच विचारू लागला. रोज नवं उत्तर. राजांचा दरबार, राजांची गादी, राजांचे वैद्य. मामांना वाटे, आपण मुलावर पांघरूण घालतो आहोत. लोक हसताहेत म्हणजे कुणी वाईट बोलत नाही.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते खाली दुकानात फक्त मला दिसत होतं. माझं तोंड आरशाकडे आणि आरशात मागचा जिना. मामांची नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले. त्या आरशात मला सकाळच्या वेळी दोन अनवाणी पाय जिन्यावरून उतरताना दिसायचे. एक पायरी, थांबायचं. आणखी एक, थांबायचं. मधल्या पायरीपर्यंत ते यायचे. तेवढ्यात कुणी तरी विचारायचं, "राजे उठले का?" दुकान खो खो हसायचं, आणि ते पाय वळून वर निघून जायचे.

मला जीभ असती तर मी ओरडले असते. पण खुर्चीला हात असतात, पाठ असते, पाय असतात, जीभ तेवढी नसते.

एके दिवशी घड्याळजी नेहमीपेक्षा जास्त बोलून गेले. खिडकीतून त्यांना बारक्या दिसला होता, केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत. ते म्हणाले, "मामा, दिव्याखाली अंधार हो. सगळ्या गावाची डोकी सरळ करता आणि घरातलं तसंच."

हे मामांना लागलं. ते हसले, पण माझ्या पाठीवर टेकलेला त्यांचा हात घट्ट झाला. त्यांनी कात्री ठेवली, जिना चढून वर गेले आणि थोड्या वेळाने खरोखरच बारक्याला घेऊन खाली आले. कित्येक महिन्यांनी तो दुकानात आला होता. मामी घरी नव्हत्या, औषधं आणायला गेल्या होत्या. बारक्या माझ्यात बसला. मला त्याचं वजन कळलं. लहानपणी फळीवर बसायचा तेव्हा जेवढा हलका, तेवढाच पुन्हा हलका झाला होता.

मामांनी त्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला आणि बाकाकडे वळून म्हणाले, "बघा आता. राजांना माणसात आणतो."

आणि त्यांनी कात्री चालवली. त्याला विचारलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही, बाकाकडे बघत राहिले. केसांचे पुंजके खाली पडत होते आणि मामांची जीभ कात्रीच्या पुढे धावत होती. या जंगलात किती पाखरं राहत असतील, इथपासून ते राजांचा मुकुट आता बसेल का, इथपर्यंत. लोक पोट धरून हसत होते. बारक्या आरशात बघत नव्हता. मान हलली नाही. पण पांढऱ्या कपड्याखाली काय चाललं होतं, ते मला ठाऊक आहे. त्याने माझे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की त्याची नखं रेक्झीनमध्ये रुतली.

काम झालं. खरं सांगायचं तर केस फार सुरेख कापले गेले होते. बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "मामा, हात आहे की जादू." कुणी माझ्याही पाठीवर थाप मारली, म्हणे खुर्ची लाभाची आहे. माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं कौतुक. ते मला आजही नकोसं वाटतं.

बारक्याने स्वतःच कपडा सोडला. उठला. वडिलांना हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणालात, चल, जरा माझ्याजवळ बस. मला वाटलं, बोलायला बोलावताय."

मामांना तिथे थांबता आलं असतं. पण बाक ऐकत होता. ते म्हणाले, "अरे, मग सकाळपासून बोलतोच आहे की मी."

पुन्हा सगळे हसले. बारक्या जिना चढून गेला.

दोन दिवसांनी मामी त्याला घेऊन त्याच्या मावशीकडे गेल्या. मावशीचं गाव लांब होतं, तिथे मोठं इस्पितळ होतं. जाताना बारक्या दुकानातून गेला, कारण दुसरी वाटच नव्हती. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. मामा म्हणाले, "पोहोचलात की कळवा," आणि वस्तऱ्याला धार लावत राहिले. वस्तऱ्याला आधीच धार होती.

नंतर दुकान चालू राहिलं, पण विनोद पूर्वीसारखे जमेनात. राजे गेल्यावर "राजे उठले का?" विचारायची सोय राहिली नव्हती. मामी फोनवर सांगायच्या, त्याला इस्पितळात ठेवलंय, कुणाशी बोलत नाही. मामा बारक्याला फोन द्यायला सांगायचे. पण पलीकडून पुन्हा मामींचाच आवाज यायचा.

एका दुपारी, शटर अर्धं ओढून, मामा माझं रेक्झीन पुसत होते. फडकं माझ्या हाताच्या आतल्या बाजूला गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी वाकून बघितलं. मग दुसरा हात बघितला. दोन्हीकडे सारख्याच खुणा. कुठल्या मेल्याने खुर्ची खराब केली, असं पुटपुटत त्यांनी त्या खुणांवर बोटं ठेवून पाहिली. आणि मग ते पुटपुटणं थांबलं. ते माझ्यात बसले. दोन्ही हातांनी मला तसंच धरलं, जिथे खुणा होत्या तिथेच. समोर आरसा होता. किती तरी वेळ ते आरशातल्या रिकाम्या बाकाकडे बघत बसले.

कपडे न्यायला मामी आल्या तेव्हा त्यांनी मामांना ते पाय कसे मधल्या पायरीवरून परत फिरायचे, ते सांगितलं.

"मला सांगायचं नाही का गं?" मामा म्हणाले.

"कितीदा सांगितलं. तुम्ही त्याचीही गंमत केलीत."

"मी वाईट म्हणून नाही बोललो. हसलं की हलकं होतं माणसाला."

"हो. तुम्हाला झालं," मामी म्हणाल्या. "त्याला नाही."

मामींनी पिशवी भरली आणि पुढच्या गाडीने निघून गेल्या. त्यानंतर मामांनी मला आरशासमोरून हलवलं. ओढत ओढत जिन्याखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीवर काम करू लागले. माझा खटका गंजला. माझ्यावर टॉवेलांचा ढीग साचू लागला. पण मित्रांनो, या कोपऱ्यातून मला आरसा दिसत नाही, खरं दुकान दिसतं. माणसं उलटी न दिसता सरळ दिसतात. त्याचंही एक बरं असतं.

तुम्ही विचाराल, बारक्या पूर्ण बरा झाला का? खोटं सांगणार नाही. वर्षभराने तो घरी आला. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. कात्री त्याने पुन्हा हातात घेतली नाही, आणि माझ्यात तो पुन्हा कधी बसला नाही. मामांनी मावशीच्या गावी जाऊन डॉक्टरांना विचारलं होतं, आता मी काय करू? डॉक्टर म्हणाले होते, त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. मामा घड्याळजींना म्हणाले, "विचारायला जमेल मला. थांबायला कसं जमायचं? सगळा जन्म बोलण्यात गेला."

माझं फाटलेलं रेक्झीन बदलता येईल. गंजावर तेल घालता येईल. वस्तूंचं तसं बरं असतं. पण तुमच्या घरात कुणी दादा, ताई, काका, अगदी आई किंवा बाबा असे गप्प गप्प झाले, उठेनासे झाले, तर त्यांना नाव ठेवू नका. चार लोकांत त्यांची गंमत करू नका, दुसरे हसत असले तरी. घरातल्या समजूतदार मोठ्या माणसाला सांगा. डॉक्टर असतात, औषधं असतात. आणि त्यांनी बोलायचं मनात आणलं तर हातातलं काम खाली ठेवा. मामांनी त्या दिवशी नुसतं आरसा पुसायचं फडकं खाली ठेवलं असतं, तर माझी गोष्ट निराळी झाली असती.

एवढं एक सांगते आणि थांबते.

बारक्या घरी आल्यावरची ही गोष्ट. सकाळची वेळ, बाक भरलेला. मामा घड्याळजींची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्या गालावर फेस होता. बारक्या आणि मामी डॉक्टरांकडे गेले होते. घड्याळजींच्या मनात काही वाईट नव्हतं, जुनी सवय होती एवढंच. ते म्हणाले, "मामा, राजे परत आले म्हणे. उठतात का आता तरी?"

बाक हसायच्या तयारीत होता. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी वस्तरा खाली ठेवला.

"घड्याळजी, ते नाव मीच ठेवलं होतं," ते म्हणाले. "पोरगा आजारी होता आणि मी इथे उभा राहून त्याची टिंगल करत होतो. तुम्हा सगळ्यांना हसवत होतो. आता पुन्हा ते नाव या दुकानात नको."

कुणी हसलं नाही. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं की बारक्या दारात उभा आहे. मामी त्याच्या मागे पिशवी घेऊन. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. मामांचा चेहरा पडला. त्यांच्या तोंडाशी काही तरी आलं, मला ते दिसलं, एखादी कोटी असणार. त्यांनी ती गिळली.

"बारक्या," ते म्हणाले, "आज कसं वाटतंय तुला?"

बारक्या बोलला नाही. मामाही बोलले नाहीत. घड्याळजींच्या गालावरचा फेस वाळू लागला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मामी हळूच जिना चढून वर गेल्या. मामांचे हात काही तरी करायला शोधत होते, तर त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले. इतका वेळ मामा गप्प उभे राहिलेले मी माझ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

मग बारक्याने चपला काढल्या. तो आत आला. बाकावरच्या माणसांनी सरकून जागा केली. तो टोकाला बसला, आपल्या हातांकडे बघत राहिला, आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात, थांबत थांबत, वडिलांना सांगू लागला.